एकवीसवर सुटलेली गाडी

टोमॅटोच्या त्या शेडमधून गाडी सुटायची ती एका शब्दावर. शिक्का नाही, सही नाही, काही नाही. शेडचे मालक, म्हणजे बाबा, क्रेटच्या रांगांमधून सावकाश चालत जायचे, मनाला येईल त्या क्रेटमधला टोमॅटो उचलायचे, देठापाशी अंगठ्याने दाबायचे, नाकाजवळ न्यायचे आणि म्हणायचे, ‘चालेल.’ म्हणजे हा माल तीन दिवसांचा प्रवास सोसेल, लांबच्या त्या शहरात धड पोचेल आणि दुकानात मांडल्यावरही चार दिवस ताठ राहील. ‘नाही चालायचं’ म्हणाले की तो लॉट गुपचूप सॉसच्या कारखान्याकडे. का, कसं, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. तीस वर्षं हा कारभार असाच होता, आणि तीस वर्षांत परत आलेल्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

आता हा शब्द तुम्ही-आम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरतो. चहा घेणार का? चालेल. उद्या आलो तर? चालेल. शेडमध्येही सगळे वापरायचे. तरी घोटाळा कधी झाला नाही, कारण बाबा तो दुसऱ्या कशालाच वापरत नसत. आईने अजून वाढू का विचारलं तर ‘वाढ’ म्हणत. धाकटा जावई कसा वाटला असं विचारलं तेव्हा ‘बरा आहे’ म्हणाले, आणि बिचाऱ्या जावयाला दोन वर्षं त्याचा अर्थ लागला नाही. त्यांच्या तोंडून ‘चालेल’ आलं की ते मालाबद्दलच, आणि एकदाच. दोनदा विचारायचं नाही, हा तिथला शिरस्ता. उत्तम लिहिता-वाचता येणाऱ्या या माणसाला निवडीच्या पट्ट्यावरच्या बायका पाठीमागे ‘अंगठेबहाद्दर’ म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मग उन्हाळा बिघडला. कडक तो आधीही असायचा, नाही असं नाही, पण रात्री हवा उतरायची, माणसाला आणि झाडाला जरा सुटी मिळायची. गेली तीन वर्षं ती सुटीच बंद झाली. रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर भिंत गरम. आणि टोमॅटोचं असं आहे की फार उष्म्यात त्याला लाली चढत नाही. शेडच्या भिंतीवर रंगांचा तक्ता होता, एक नंबर हिरवा ते सहा नंबर लालभडक. माल तोडायचा तो तीन नंबरवर, आणि पुढचं पिकणं रस्त्यात. आता फळं तीनवर येऊन पिवळट नारिंगी अशी अडून बसायची आणि आतून मात्र पिकत जायची. वरून कोवळी, आतून म्हातारी. सालसुद्धा फसवायची, कारण पाण्याच्या ओढीने ती जाड आणि चिवट झाली होती.

त्या तिसऱ्या वर्षीच्या मोसमात लागोपाठ दोन गाड्या वाया गेल्या. दोन्ही बाबांच्या शब्दावर सुटलेल्या. तिकडे दार उघडलं तेव्हा खालच्या क्रेटमधून रस गळत होता, फोटो आले, वास तेवढा आला नाही एवढंच. तिकडच्या दुकानांचा खरेदी अधिकारी फोनवर फार बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, तिसरी अशी आली तर मी दुसरीकडून घेईन, वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटून घेऊ नका म्हणे! तो गेला असता तर उरला असता फक्त सॉसचा कारखाना, आणि त्याला निवडलेला माल कशाला हवाय? त्याला ढीग हवा आणि ढीग ओढायला चार माणसं. पट्ट्यावर साठ बायका होत्या. त्यातल्या निम्म्या वीस-वीस वर्षं तिथेच उभ्या होत्या.

हे सगळं ज्या बाईच्या डोक्यावर बसलं होतं ती बाबांची थोरली मुलगी. शेडमध्ये तिला सगळे ताई म्हणत, घरी थोरली. तिच्या पायाला भिंगरी. बसून जेवलेली तिला कुणी पाहिली नव्हती. दुसरी गाडी वाया गेल्यावर ती चार दिवस कुठे कुठे हिंडली, शीतगृहं पाहिली, लोकांचं डोकं खाल्लं आणि तीन गोष्टी घेऊन आली. एक, तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत संपलीच पाहिजे. दुसरी, माल शेडमध्ये आल्या आल्या गार करायचा. त्यासाठी तिने थंड खोलीत क्रेटच्या दोन लांब भिंती उभ्या केल्या, वरून ताडपत्री टाकली आणि एका टोकाला भला मोठा पंखा बसवला, तो क्रेटच्या फटींमधून गार हवा ओढून घ्यायचा. बायकांनी त्याला नाव ठेवलं बोगदा. असे दोन बोगदे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सुईचा थर्मामीटर. सुई टोमॅटोत खुपसायची आणि आतला आकडा वाचायचा. बारा किंवा तेरा आला तर गाडी भरायची. चौदाला नाही.

सांगितलं असतं नीट घरी बसून, तर कदाचित ऐकलंही असतं बाबांनी. पण थोरलीला धीर कुठला! बाबा क्रेट दाबत चालले होते, एका लॉटला ‘चालेल’ म्हणाले, आणि तिने सगळ्यांच्या देखत त्यांच्या हातातला टोमॅटो घेऊन त्यात सुई खुपसली. सव्वीस. तिने तो आकडा मोठ्याने वाचला. पट्टा चालू होता, पण एकही हात हलत नव्हता. बाबांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि घरी निघून गेले. घर कुठे लांब होतं? माल चढवायच्या फलाटासमोरचं अंगण ओलांडलं की जिना, वर दोन खोल्या आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीत ते जाऊन बसले आणि अकरा दिवस थोरलीशी एक अक्षर बोलले नाहीत.

आईचे हाल झाले. एका टेबलाशी बसलेली दोन माणसं, आणि मध्ये ही. ‘तिला सांग मीठ दे.’ ‘त्यांना सांग मिठाची बरणी त्यांच्या कोपराजवळ आहे.’ तिसऱ्या दिवशी आईने जाहीर केलं की मी काही टपाल खातं नाही, आणि आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायला लागली.

इकडे थोरलीने शेडमध्ये पाटी लावली. ‘इथे चालेल म्हणायचं नाही. आकडा सांगा.’ तिचं म्हणणं सरळ होतं. हा शब्द ऐकला की माणसं विचार करायचं थांबवतात. बायकांना मात्र ऐतं खेळणंच मिळालं. चहाचं विचारलं की त्या म्हणायच्या, ‘बारा.’ अर्ध्या दिवसाच्या रजेला ‘साडेबारा.’ एकीला तिच्या बहिणीने फोनवर विचारलं, रविवारी येतेस का, तर ती सवयीने ‘तेरा’ म्हणून गेली. थोरलीला हसू यायचं, पण ती हसायची नाही. तिला वाटायचं एकदा तिसरी गाडी पोचू दे, मग आठवडाभर हसत बसेन.

तिसरी गाडी भरायचा दिवस उजाडला तोच तापलेला. पहिला लॉट साडेआठला आला, पहिल्या बोगद्यात गेला आणि दीडपर्यंत बारावर उतरला. दुसरा लॉट लांबच्या शेतांमधून यायचा, तो आला अकराला, ऊन खाऊनच. बत्तीसवर होता. तो दुसऱ्या बोगद्यात लावला, पंखा सुरू केला, थोरली दर पंधरा मिनिटांनी ताडपत्रीखाली वाकून सुई खुपसत होती. तीस. सत्तावीस. चोवीस. आणि दोन वाजता पंख्याचा पट्टा तुटला. पट्टा तुटल्याचा आवाज काही मोठा नसतो, पण दोन्ही बोगद्यांचे पंखे त्याच एका पट्ट्यावर फिरायचे, दोन्ही थांबले. गाडी सहाला सुटायची होती. जादा पट्टा ठेवायला हवा होता हे तिला तेव्हा सुचलं, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

पट्टा मिळायचा बाजारपेठेत, पाऊण तासावर. ती स्वतःच निघाली. कुणाला पाठवलं तर तो भलताच आणील अशी तिला भीती, आणि थांबून वाट बघणं तर तिच्या हातून होणारच नव्हतं. जाताना तिने मावशींना बजावलं. मावशी म्हणजे पट्ट्यावरच्या मुकादम, शेडमधल्या सगळ्यांत जुन्या, सगळ्यांच्याच मावशी. मी सांगितल्याशिवाय गाडीत एक क्रेट चढवायचं नाही, थोरली म्हणाली. मावशी म्हणाल्या, अगं, मला काय नवीन सांगतेस?

दुकानात सात माणसं आणि एक मालक, आणि मागे कुठलंसं यंत्र घरघरतंय. थोरलीचा नंबर लागेपर्यंत साडेतीन वाजले. मालकाने वरच्या फळीवरून एक पट्टा ओढून काढला आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशी होत्या.

मावशी सांगत होत्या की आपोआप जेवढं उतरायचं तेवढं उतरलं, आता दुसरा लॉट एकवीसवर येऊन थांबलाय, ड्रायव्हर गाडी घेऊन उभा आहे, काय करू? यंत्राच्या घरघरीत थोरलीला त्यातलं धड काही ऐकू येत नव्हतं, आणि नेमक्या त्याच क्षणी दुकानदाराने पट्टा तिच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, हा एक साइज लहान आहे, जरा ताणून बसवावा लागेल, चालेल?

‘चालेल,’ थोरली म्हणाली.

तिने फोन पुन्हा कानाशी नीट धरला तोवर मावशींनी ‘बरं’ म्हणून ठेवून दिला होता. थोरलीला वाटलं, लाइन तुटली. लगेच पट्टा घेऊन निघायचंच होतं, म्हणून तिने पुन्हा लावला नाही. आणि मावशी? मावशींनी वीस वर्षं तो शब्द ऐकला होता आणि वीस वर्षं त्यावर गाड्या भरल्या होत्या. त्यांच्या मनाला त्यात काही खटकलंच नाही. उलट त्यांना बरं वाटलं. त्या बायकांना म्हणाल्यासुद्धा, शेवटी बापाच्याच वळणावर गेली गं पोरगी. पाटी समोरच होती, पण जिने पाटी लावली तिच्याच तोंडून शब्द आल्यावर पाटीला कोण विचारतं! दोनदा विचारायचं नाही. सगळ्यांनी मिळून तासाभरात गाडी भरली.

रस्ता एका बाजूने उखडला होता. थोरली परत आली ती पावणेसहाला, पट्टा गळ्यात माळेसारखा अडकवलेला, घामाने निथळत. फलाट रिकामा. मावशी झाडू मारत होत्या.

गाडी कुठेय, तिने विचारलं. मावशींनी आनंदाने सांगितलं, पावणेपाचलाच गेली, आज वेळेच्या आधी. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांचा झाडू थांबला. तूच म्हणालीस ना ताई, चालेल म्हणून. थोरलीला दुकान आठवलं, फोन आठवला, दुकानदाराचा हात आठवला. ती तिथेच एका उपड्या क्रेटवर बसली. मावशी घाबरल्या, कारण ताईला बसलेलं त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. काय झालं ते थोरलीने सांगितलं तशा त्या आपल्याच गालात मारून घेऊ लागल्या. तो हात धरून थोरली म्हणाली की चूक तुमची नाही. हे ती खरंच मनापासून म्हणाली, आणि लगेच तिला रडू आलं, आणि रडायला वेळ नाही म्हणून तिला रागही आला.

तिने ड्रायव्हरला फोन लावला. ड्रायव्हरचं नाव सगळ्यांनी निवांत ठेवलं होतं, आणि ते उगाच नव्हतं. गाडी चालवताना हा माणूस फोन बंद करून खणात टाकायचा. एरवी थोरली त्याचं उदाहरण बाकीच्यांना द्यायची. आज तिने नऊ वेळा लावला आणि प्रत्येक वेळी फोनमधल्या त्याच बाईने तिला तेच सांगितलं, फोन बंद आहे.

दहावा लावताना जिन्यावर पावलं वाजली. बाबा खाली येत होते. अंगण ओलांडून सरळ छोट्या टेम्पोपाशी गेले, दार उघडलं आणि बाजूच्या सीटवर बसले.

‘चल,’ ते म्हणाले. ‘तो पुलाअलीकडे जेवायला थांबतो. नेहमी तिथेच थांबतो.’

अकरा दिवसांनी पहिला शब्द तो.

टेम्पोत हवा यायला खिडक्या उघड्या ठेवल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं, आणि बंद केल्या तर जीव गुदमरायचा. थोरली एकदा काच वर करायची, एकदा खाली. पुढच्या प्रत्येक गाडीला हॉर्न द्यायची. बाबा समोर बघत बसले होते. शेवटी तिच्याने राहवेना. तिने झालं ते सगळं सांगितलं, स्वतःला शिव्या घालत सांगितलं, दुकानदार, पट्टा, तो मेला शब्द. मीच बंदी घातली आणि मीच बोलले, ती म्हणाली. बाबांच्या नाकातून एक आवाज निघाला. हसले की काय ते तिला कळलं नाही.

मग ते म्हणाले, पंखा दोनला बंद पडला ना? तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तुम्हाला कसं कळलं?

‘खिडकीत ऐकू येतो. बंद पडला तेही ऐकलं. गाडी निघाली तीही पाहिली. वाटलं, घाई होतेय.’

‘मग बोलला का नाहीत?’

थोरलीने स्टिअरिंगवर हात आपटला. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या बापाला गदागदा हलवावंसं वाटलं. साठ बायकांचं काम जातंय आणि हा माणूस रुसून खिडकीत बसून गाडी जाताना पाहतोय! हे ती मनात नाही, तोंडाने म्हणाली. अगदी याच शब्दांत. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं याचंच तिला जास्त भय वाटलं, कारण ते ऐकून घेणारे नव्हते.

साडेसातला पूल दिसला आणि अलीकडे हॉटेलसमोर गाडी उभी दिसली. निवांत बाहेरच्या बाकावर ताट घेऊन बसला होता. मालक आणि ताई एकाच टेम्पोतून उतरताना पाहून त्याचा घास हातातच राहिला. थोरलीने दार उघडायला सांगितलं. तो म्हणाला, ताई, कशाला उघडता, आतला एसी झकास चाललाय, हे बघा पुढे आकडा, बारा. तिने दम धरून त्याला समजावलं की तो आकडा हवेचा, मालाचा नाही. गाडीतला एसी गार माल गार ठेवतो, गरम माल गार करायची त्याची ताकद नाही. आणि गरम फळं नुसती बसून राहत नाहीत, ती स्वतः उष्णता सोडतात, शेजारच्याला पिकवतात. निवांतने ताट खाली ठेवलं आणि किल्ली काढली.

दार उघडताच आधी गार झुळूक आली आणि तिच्या मागोमाग पिकल्या टोमॅटोचा गोडसर वास. इतक्या लवकर तो वास यायला नको होता. थोरलीने आत चढून सुई खुपसली. पुढच्या रांगा चौदा. मधल्या एकोणीस. दाराजवळच्या, म्हणजे दुसऱ्या लॉटच्या, बावीस. शेडमध्ये एकवीस होते, थंड गाडीत तीन तास बसून बावीस झाले होते.

ती खाली उतरली. तिला आकडा कळत होता, पण आकड्याच्या पुढचं कळत नव्हतं. हा माल आणखी अडीच दिवस काढेल का? परत नेला तर गाडी एक दिवस उशिरा पोचणार, तिकडची दुकानं रिकामी राहणार आणि तो अधिकारी आपला शब्द खरा करणार. पुढे सोडला आणि तिसऱ्यांदा रस गळला तरी तेच. तिचं डोकं भणभणत होतं. आणि तिने ते केलं जे अकरा दिवसांपूर्वी तिने सगळ्यांदेखत मोडीत काढलं होतं. तिने बावीसच्या रांगेतून एक टोमॅटो काढला आणि बाबांच्या हातात दिला.

‘बाबा, तुम्ही सांगा.’

बाबांनी तो देठापाशी दाबला. नाकाशी नेला. बाजूला ठेवला. दुसरा घेतला, मग चौदाच्या रांगेतला एक मागितला, मग पुन्हा बावीसचा. निवांत बघत होता, हॉटेलचा मालक पुसणं खांद्यावर टाकून बघत होता. बाबांनी आठ-दहा टोमॅटो दाबले. इतके त्यांनी कधीच दाबले नव्हते, दोन पुरायचे.

‘मला कळत नाही,’ बाबा म्हणाले.

तिला वाटलं ते नीट दिसत नाही म्हणतायत. तिने मोबाइलचा दिवा लावून धरला.

‘दिवा नको. मला कळत नाही. मागच्या उन्हाळ्यापासूनच कळेनासं झालंय. दाबतो, पण पूर्वी बोटाला जे सांगायचं ते आता सांगत नाही. साल वेगळी, रंग वेगळा, वाससुद्धा आधी येतो नाहीतर येतच नाही. त्या दोन्ही गाड्या मी अंदाजाने सोडल्या.’

मागचा अख्खा मोसम थोरलीच्या डोळ्यांसमोरून गेला. हा माणूस रांगांमधून त्याच ऐटीत चालत होता, त्याच आवाजात शब्द टाकत होता, आणि आत काहीच नव्हतं. तिला चीड आली, आणि त्या चिडीच्या खालून कसलीशी कळ आली, ती चिडीपेक्षा वाईट होती.

‘मग माझ्याशी अकरा दिवस भांडलात कशासाठी?’

‘भांडलो कुठे? बोललोच नाही.’ मग, खाली बघत, ‘साठ बायका तोंडाकडे बघत उभ्या असतात. कळत नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. तू सुई खुपसलीस तेव्हा मला आधी वाटलं, सुटलो. आणि मग सगळ्यांची तोंडं दिसली.’

थोरलीने त्यांच्या हातातला टोमॅटो काढून घेतला आणि क्रेटमध्ये ठेवला. हॉटेलच्या मालकाने न सांगता एक खुर्ची आणून ठेवली, पण बाबा बसले नाहीत.

तिने निर्णय घेतला तो तिथेच, गाडीच्या दाराशी उभ्या उभ्या. कुणाला विचारावं असं आता कुणी उरलंच नव्हतं. गाडी परत. शेडमध्ये पट्टा चढवायचा, सगळा माल पुन्हा बोगद्यात लावायचा, बारावर आणायचा, मऊ निघेल तो कारखान्याला आणि उरेल तेवढाच पुढे. निम्मी गाडी भरली तर निम्मी. निवांत म्हणाला, ताई, मी नऊ वर्षं या रस्त्यावर आहे, भरलेली गाडी वाटेतून कधी मागे वळवली नाही. ती म्हणाली, मीही नाही. तो हात धुवायला गेला.

मग तिने खरेदी अधिकाऱ्याला फोन लावला. दुसऱ्या घंटेला त्याने उचलला. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. गाडी ठरल्या दिवशी येणार नाही. निम्मा माल गार न होता भरला गेला होता, आम्ही तो वाटेत पकडलाय आणि परत नेतोय. मग त्याने कोरड्या आवाजात विचारलं की हे तिसऱ्यांदा होतंय हे तुमच्या लक्षात आहे ना, आणि तुमच्याकडे माल पास करतं तरी कोण? फोन मोठ्या आवाजावर नव्हता, पण त्या शांत अंगणात तो सगळ्यांना ऐकू गेला.

थोरली म्हणू लागली की चूक माझी, माझ्याच तोंडून चुकून... आणि बाबांनी हात पुढे केला. फोन मागायला. तिने तो दिला, कारण तो हात ती जन्मापासून ओळखत होती.

‘नमस्कार,’ बाबा म्हणाले. ‘पहिल्या दोन गाड्या मी पास केल्या होत्या. तीस वर्षं मीच करत आलो. त्या दोन वेळी मला माल कळला नव्हता आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. तुमच्याकडे रस गळला तो माझ्यामुळे. आजची माझ्या मुलीने थांबवली.’

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला, आणि बराच वेळ बोलला. बाबा ऐकत राहिले. मधेच एकदा ‘हो’ म्हणाले. नंतर त्यांनी सांगितलं की तो म्हणत होता, या उन्हाळ्यात अकरा जणांच्या गाड्या खराब आल्या, पण येण्याआधी फोन कुणी केला नाही. त्याने काही वचन दिलं नाही. त्याला एवढंच हवं होतं की पुढची गाडी कधी निघेल, त्यात किती माल असेल आणि तो शाबूत पोचेल याची खात्री देता का.

बाबांचं तोंड उघडलं होतं. तीस वर्षांची सवय. थोरलीला दिसलं की शब्द अगदी ओठांवर आलाय.

‘ते मी नाही सांगू शकत,’ ते म्हणाले. ‘तिला विचारा.’

आणि त्यांनी फोन तिच्याकडे दिला.